उमेदवाराच्या घरातली धूळ

"माझ्या बहिणीच्या घरात कोणीतरी धूळ टाकली," ठेकेदार म्हणाला आणि खुर्चीत असा आदळला की खुर्ची कुरकुरली.

वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला. "चोरी झाली म्हणता?"

"चोरी नाही हो. गेलं काहीच नाही. उलट आलं. धूळ आली!"

खिडकीपाशी बसलेले भाऊजी फिस्सकन हसले. वहिनींनी नुसतं बघितलं, तेव्हा त्यांनी खोकल्याचं सोंग आणलं.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. विमा कंपनीत जळालेली दुकानं आणि भिजलेला माल तपासण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. लोक किती कौशल्याने खोटं बोलतात हे पाहून त्यांनी ती सोडली आणि स्वतःचं तपासाचं ऑफिस उघडलं. भाऊजी बँकेतून निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या फोडणीत नाक खुपसायला लागले, म्हणून तिनेच त्यांना इथे आणून सोडलं. त्यांचे अंदाज बहुतेक चुकतात. पण ते इतक्या ठामपणे चुकतात की वहिनींना त्याचा उपयोग होतो.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

ठेकेदाराने कपाळ पुसलं. पालिकेची गटारं बांधण्याचं काम त्याच्याकडे होतं. निवडणुकीला उभं राहायची हौस दांडगी, पण नियम आडवा आला. पालिकेचा ठेका असलेल्याला उमेदवार होता येत नाही. त्याच्याबरोबर एका घरात राहणाऱ्यालाही नाही.

"म्हणजे बायकोही बाद," तो म्हणाला. "मग बेबीला उभं केलं. माझी धाकटी बहीण. पालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स आहे. होती. अर्ध्या प्रभागाची बाळंतपणं तिच्या हातची, मतं कुठे जातात? वय बसतं, यादीत नाव आहे, कधी शिक्षा नाही, दिवाळं नाही, डोकं ठिकाणावर आहे. पालिकेची नोकरी चालत नाही, म्हणून राजीनामा द्यायला लावला. आणि त्याच प्रभागात भाड्याच्या घरात एकटी राहते. सगळं कसं नियमात!"

"आणि हरकत?"

"मावळत्या नगरसेवकाने घेतली. म्हणे, ती तिथे राहतच नाही, माझ्याकडे राहते. शनिवारी नोटीस आली. मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली आणि म्हटलं, येऊ द्या सोमवारी तपासणीला. आज सकाळी पालिकेच्या निरीक्षकाला घेऊन गेलो, माझ्याच हाताने कुलूप काढलं, आणि..." त्याने हवेत हात उडवला. "घर महिनोन्‌महिने बंद असावं तसं! निरीक्षक मला म्हणतो, इथे तर उंदीरही राहत नाही. उद्या सकाळी छाननी आहे. ज्याने हे केलं त्याचं नाव मला तोवर हवं."

"बहीण बरोबर नव्हती?"

"तिचं डोकं दुखत होतं. अर्ज भरल्यापासून ती तात्पुरती माझ्याकडे आहे, प्रचाराला बरं पडतं. काल दुपारी तेवढी प्रसूतिगृहात सगळ्यांचा निरोप घ्यायला गेली होती. आम्ही नवराबायको सभेत होतो, अख्खी दुपार, स्टेजवर."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक तिच्या पर्समध्ये, एक आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. काल सभेला निघताना आमचं घर मी स्वतः बंद केलं, तेव्हा ती खिळ्यालाच होती."

"कुलूप तोडलेलं?"

"ओरखडासुद्धा नाही."

"नगरसेवकच," भाऊजी म्हणाले. "दुसरं कोण असणार?"

"मग तो नसणार," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालायला उठल्या.

*

जिन्याच्या वरच्या टोकाला बेबीच्या भाड्याच्या घराचं दार होतं. वहिनींनी ठेकेदाराकडची किल्ली लावली. आत पाऊल टाकताच भाऊजींना ओळीने शिंका आल्या.

टेबलावर, खुर्च्यांवर, फडताळावर करडी धूळ पसरली होती. तिच्यात चुन्याचे बारीक कण दिसत होते. गादी गुंडाळून दोरीने बांधलेली. कॅलेंडरची पानं मागे उलटून जुना महिना वर आणलेला. स्वयंपाकघरात डबे रिकामे, धुऊन उपडे घातलेले. गॅलरीत फरशीवर ओळीने गोल डाग होते, कुंड्या ठेवून पडतात तसे. कुंड्या मात्र नव्हत्या.

वहिनींनी स्टूल ओढलं आणि पोटमाळ्यात डोकं घातलं.

"भाऊजी, इथे या. काय दिसतं?"

भाऊजी चढले. "काही नाही. जुनी ट्रंक आहे, एक पाळणा आहे. बाकी स्वच्छ आहे."

"सगळ्या घरात धूळ, आणि माळा स्वच्छ?"

"बाई टापटिपीच्या असतील," भाऊजी म्हणाले आणि पुन्हा शिंकले.

वहिनी दाराकडे वळल्या. दार भिंतीला टेकलं होतं, त्यांनी ते पुढे ओढलं. मागे खुंटीवर कापडी पट्ट्याची काळी बॅग लटकत होती. सकाळी निरीक्षकासमोर दार उघडलं तेव्हा ती दाराआड गेली असणार. वहिनींनी तिच्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ. मग त्यांनी पट्टा हळूच उचलला.

"खुंटीकडे बघा."

"धूळ आहे. सगळीकडेच आहे."

"पट्ट्याखालीसुद्धा?"

"हो, पट्ट्याखालीसुद्धा." भाऊजींना त्यात विशेष वाटलं नाही.

बॅगेत पांढऱ्या कापडाची घट्ट बांधलेली पुरचुंडी होती, कात्र्या आणि चिमट्यांचा आकार बाहेरून जाणवत होता. डेटॉलचा ताजा वास आला. वहिनींनी पुरचुंडी सोडली नाही. बॅग होती तशी टांगून दार लावून घेतलं.

खाली घरमालक दारातच उभे होते. बनियन, वर ओढलेला पायजमा, आणि काहीतरी सांगायची घाई.

"मी काही केलेलं नाही. आधीच सांगतो."

"अजून कोणी विचारलंही नाही," वहिनी म्हणाल्या. "वरची खोली तुम्हाला हवी आहे?"

"हवी ना! मुलाचं लग्न झालंय, सून रोज तोंड फुगवून बसते. पण बेबीताईंना मी हाकलू कसा? तो मुलगा त्यांच्याच हातचा आहे. आणि किल्ली माझ्याकडे नाही. कधी मागितलीही नाही, माझी बायको मला उभं जाळेल."

"काल कोणी आलं होतं वर?"

"मी जेवून आडवा झालो होतो. झोपेत झाडूचा आवाज आला. बराच वेळ. मला वाटलं, आज तपासणी यायची म्हणून बेबीताई साफसफाई करतायत. पाहिलं मात्र नाही कोणाला."

"झाडूचा आवाज, आणि घरात धूळ!" भाऊजी उद्गारले. "हे काय त्रांगडं आहे?"

वहिनींचं लक्ष जिन्याखाली होतं. तिथे सावलीत कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. माती ओली होती.

"या कधी आल्या इथे?"

"आज सकाळी पाहिलं तर इथे! कोणी आणल्या देव जाणे. झाडांचा काय दोष, म्हणून पाणी घातलं मी."

*

मावळते नगरसेवक त्यांच्या सायकलच्या दुकानात गल्ल्यामागे बसले होते. त्यांनी दोघांना चहा मागवला. निवडणुकीच्या दिवसांत ते भांडायला आलेल्यालाही चहा पाजत.

"हरकत घेतली, हो. हजारदा घेईन. बाई उभी राहिली तर मी घरी बसतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण धूळ? मला वकिलाने सांगितलं, ती अर्ज भरल्यापासून भावाकडे आहे, तेवढं म्हणणं मांडा. घर रिकामं सापडेल असं मलाच वाटलं नव्हतं. निरीक्षकाचं बोलणं कानावर आलं तेव्हा मी चाटच पडलो."

"घर तसं सापडलं, ते तुमच्या पथ्यावरच पडलं."

"पडलं ना. फुकटचं मिळालं की माणूस घाबरतो, तसं झालंय माझं. उद्या कोणी म्हणायला नको, यानेच केलं."

"मी म्हणतोच आहे," भाऊजी पुटपुटले.

"तुम्ही म्हणा," नगरसेवक शांतपणे म्हणाले. "चहा संपवून म्हणा."

*

ठेकेदाराच्या दिवाणखान्यात पत्रकांचे गठ्ठे छताला टेकायला आले होते. प्रत्येकावर एकाच बाईचा फोटो होता. फोटोतली बाई हसत होती, समोर सोफ्याच्या कडेला टेकलेली बाई हसत नव्हती.

वहिनींनी आधी भावजयीला गाठलं. ती सरळ बोलणारी होती.

"मला राग आहे, लपवत नाही. पंधरा बायकांचं मंडळ मी चालवते, भाषणं मी करते, आणि नियम म्हणतो, नवऱ्याचा ठेका आहे तर तू नको. बरं, नको तर नको. पण नणंदेला बोलायची सवय नाही, तिला स्टेजवर उभं करतात आणि मागून वाक्यं मी पुरवते. काल सभेत तर ती नव्हतीच, भाषण मीच ठोकलं."

"किल्ली?"

"रात्री बघितली, खिळ्यालाच होती. मी नणंदेच्या घरात धूळ टाकीन? मला माझ्या घरातली काढायला वेळ नाही."

मग वहिनी बेबीताईंशेजारी बसल्या. त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतले होते.

"तुमचं घर पाहून आले. सगळी धूळ आहे."

"हो का," बेबीताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "घरमालकांनी कुंड्यांना पाणी घातलं ना?"

"घातलं."

"बरं झालं."

"कोणावर संशय?"

"कोणावर घेऊ? सगळी आपलीच माणसं. बाई, उद्या अर्ज नामंजूर झाला तर तो प्रश्न कायमचा मिटतो ना? पुन्हा भरा असं नाही म्हणू शकत कोणी?"

वहिनी उत्तर देणार तोच दारात एक म्हातारी आली, धापा टाकत. "बेबीताई आहेत? सुनेला कळा सुरू झाल्यात. ती म्हणते, त्याच हव्यात."

बेबीताई उठल्याच होत्या. ठेकेदाराने हात आडवा केला. "आजी, प्रसूतिगृहात दुसऱ्या नर्स आहेत. ताई आता ते काम करत नाहीत. त्या उमेदवार आहेत."

म्हातारी गेली. बेबीताई परत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यांनी ते पत्रकाच्या घडीने टिपलं. बाकी कोणाचं लक्ष नव्हतं.

बाहेर पडताच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही प्रसूतिगृहात जा. काल दुपारचं विचारा. काय महत्त्वाचं आणि काय नाही ते ठरवू नका. जे ऐकाल ते सगळं सांगा."

तासाभराने भाऊजी हिरमुसून परतले. "काही हाती लागलं नाही. बाई आल्या, पाच मिनिटं बसल्या, घाई आहे म्हणून गेल्या. मेट्रन सांगत होती, राजीनामा अजून टेबलावर आहे. उद्या अर्ज पात्र ठरला की तो पक्का होतो, नाही ठरला तर फाडून टाकायचा, असं वरून ठरलंय. हां, आणि तो वॉचमन वेंधळाच आहे. बाईंना विचारतो, आता कधी येणार? बाईही विसरभोळ्या, म्हणाल्या, बघू, मंगळवारनंतर."

"उद्या काय वार आहे, भाऊजी?"

"मंगळवार." भाऊजी थांबले. "पण त्यांनी तर नोकरी सोडली ना?"

"चला," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळच्या चहाला सगळ्यांना बोलवायला सांगा."

*

ठेकेदाराने नगरसेवकांना मुद्दाम मधल्या खुर्चीत बसवलं, म्हणजे पकडले गेल्यावर सगळ्यांना नीट दिसतील. घरमालक कोपऱ्यात अंग चोरून बसले. बेबीताई आणि भावजय सोफ्यावर.

"घराला दोन किल्ल्या," वहिनींनी सुरुवात केली. "कुलूप शाबूत आहे. नगरसेवकांकडे किल्ली नाही, घरमालकांकडे नाही. धूळ आली कुठून? त्याच घराच्या माळ्यावरून. माळा लख्ख झाडलेला आहे, आणि धुळीतले चुन्याचे कण माळ्याच्या भिंतींचे आहेत. काल दुपारी झाडूचा आवाज आला तो त्याचा. त्या वेळी इथली किल्ली या बंद घरात खिळ्याला होती आणि तुम्ही दोघं नवराबायको स्टेजवर, शेकडो लोकांसमोर. तेव्हा या चौघांपैकी कोणीही ते केलेलं नाही. नगरसेवक, घरमालक, तुम्ही आता गेलात तरी चालेल."

"जा?" ठेकेदार ओरडला. "अहो, मग बोलावलं कशाला?"

"तुमच्यासमोर त्यांचं नाव साफ करायला. पुढचं घरातलं आहे."

नगरसेवक उठले. जाताना बेबीताईंकडे बघून त्यांनी मान थोडी झुकवली. माणूस मुरलेला होता, काय ते त्यांना बहुधा कळलं होतं. घरमालक तर पळालेच.

दार लागल्यावर वहिनी पुन्हा बोलू लागल्या. आवाज तोच, हिशेबी.

"माझ्या नोकरीत मी शत्रूंनी केलेलं नुकसान खूप पाहिलं. शत्रू डबे धुऊन ठेवत नाही. कुंड्या उचलून सावलीत नेत नाही, सुकू देतो. सुकलेली झाडं तर त्याला हवीच असतात, घर बंद असल्याचा तो उत्तम पुरावा. इथे ज्याने धूळ केली त्याला झाडं मारवली नाहीत. आणि मी बेबीताईंना फक्त धुळीचं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, घरमालकांनी पाणी घातलं ना. कुंड्या वर गॅलरीत असत्या तर किल्ली नसलेले घरमालक पाणी घालणार कसं? कुंड्या खाली आहेत हे त्यांना ठाऊक होतं."

"वहिनी, हे तर..." भाऊजींचा आ वासलेलाच राहिला.

"तरीही मी गप्प बसले असते. पण दारामागे एक बॅग होती. तिच्यावर धूळ नव्हती, तिच्या पट्ट्याखाली खुंटीवर मात्र होती. म्हणजे आधी धूळ पडली, मग बॅग टांगली. कोणीतरी ती घराबाहेर नेली, सगळं आटपल्यावर परत आणली आणि जागच्या जागी लावली. खोटं रचणारा माणूस ती बॅग कुठेतरी लपवतो, कारण ताजी उकळलेली हत्यारं रिकाम्या घरात शोभत नाहीत. पण बाळंतपणाच्या हत्यारांना धूळ लागू द्यायची नाही, आणि बोलावणं आलं की अंधारातही हात जाईल अशा एकाच जागी बॅग ठेवायची, हे ज्याच्या अंगात वर्षानुवर्षं भिनलंय त्याच्या डोक्यात ती लपवायचं येतच नाही. तो बॅग टांगतोच."

ठेकेदार हळूहळू बहिणीकडे वळला.

"बेबी? तू?"

"हो, दादा."

"स्वतःच्या घरात? स्वतःच्या हाताने? का?"

"राजीनामा पक्का झाला असता म्हणून." बेबीताई एकदाच्या बोलत्या झाल्या. "मला ते काम सोडायचं नाही. मला भाषण येत नाही, गटारातलं कळत नाही. मला बाळंतपण येतं. तेवढंच येतं."

"मग सांगायचंस मला!"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, आधी अर्ज भरू, मग बोलू. अर्ज भरल्यावर म्हणालास, आता फोटो छापून झाले." त्यांनी डोळे पुसले. "आई-बाबा गेल्यावर तू शाळा सोडलीस आणि मला नर्सिंगला घातलंस. तुझ्या तोंडावर नाही कसं म्हणू? जीभच रेटेना. मला वाटलं, नियमानेच बाद झाले तर तुलाही वाईट वाटणार नाही आणि मलाही नाही म्हणावं लागणार नाही."

भावजयीने नणंदेच्या पाठीवर हात ठेवला. "वेडी कुठली," ती म्हणाली. "मला तरी सांगायचंस."

ठेकेदार उठला, पत्रकांच्या गठ्ठ्यापर्यंत गेला, परत आला. "म्हणजे ती तिथे राहते हे तुम्ही सिद्ध केलंत," तो वहिनींना म्हणाला. "हा अहवाल मी उद्या दाखवला तर अर्ज पात्र ठरतो."

"ठरतो. अहवाल तुमचा आहे, फी तुम्ही दिली आहे. आपल्याच घरात धूळ करणं हा काही गुन्हा नाही, त्यामुळे त्यांना काही होणार नाही. फक्त नोकरी जाईल." वहिनींनी पर्स उचलली. "नियमात आणखी एक गोष्ट आहे. निकाल देण्याआधी उमेदवार माघार घेऊ शकतो, म्हणजे अर्ज पात्र ठरत नाही आणि राजीनामाही पक्का होत नाही. पण ते त्याला स्वतः, तोंडाने सांगावं लागतं. दुसऱ्या कोणाला ते करता येत नाही, आणि अडवताही येत नाही."

*

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या सभागृहात पंखे घरघरत होते. भाऊजी मागच्या बाकावर बसल्या बसल्या वहिनींच्या कानाशी लागले. "तो अहवाल दाखवणार. त्याच्या खिशात पाकीट दिसतंय."

या वेळी वहिनींनाही तसंच वाटत होतं.

निवडणूक अधिकाऱ्याने हरकत वाचली. "उमेदवाराच्या बाजूने काही सांगायचं आहे?"

ठेकेदाराचा हात खिशाकडे गेला. त्याच्या आधी बेबीताई उभ्या राहिल्या.

"मी त्याच घरात राहते," त्या म्हणाल्या. "बारा महिने राहते. घर बंद दिसलं ते मीच तसं केलं होतं. हरकत खोटी आहे, मी पात्र आहे." त्यांनी श्वास घेतला. "आणि मी माघार घेते."

सभागृहात कुजबुज झाली. अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "हे मला विचारावं लागतं. माघार कोणाच्या दबावाखाली घेताय का?"

"नाही साहेब. उभी राहिले होते ती दबावाखाली. माघार माझी मी घेतेय."

पुढच्या रांगेत ठेकेदार मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला, बेबीताईंनी सही केली. "आता ओळख पटवणारा एक जण लागेल. उमेदवाराला ओळखणारा कोणी आहे इथे?"

सभागृहात निम्मे लोक बेबीताईंना ओळखत होते. पण सगळे त्यांच्या भावाकडे बघत राहिले, आणि कोणीच उठेना.

शेवटी ठेकेदार उठला, टेबलापाशी गेला आणि त्याने पेन हातात घेतलं.

"तुमचं नातं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"बहीण आहे माझी," तो म्हणाला. "नर्स आहे. पालिकेच्या प्रसूतिगृहात."

आणि त्याने सही केली.